पिठाला विरी नाही

म्हसवड,
२६ नोव्हेंबर १९७६

प्रिय प्रभा,

जिवंत आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे 'यात्रा आली की विजू मला विसरते' हे तुझं ठेवणीतलं वाक्य तुला खर्ची घालावं लागणार नाही. सिद्धनाथाचा रथ झाला, पाहुणे गेले, आणि घरात आता नुसता गुलाल-खोबऱ्याचा वास उरलाय.

पण यंदा माझी जी फजिती झाली ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू? वीस माणसं पंगतीला आणि माझी भाकरी मोडली. एक नाही, दोन नाही, आठ भाकऱ्या! थापायला घेतली की कड फाटते, तव्यावर टाकायला उचलली की हातात दोन तुकडे. आमच्या नणंदबाई, बयाबाई, काठवटीत डोकावून सगळ्यांदेखत म्हणतात, "वैनी, आवं ह्ये भाकरी हाय का कण्या?" तीस वर्षं ज्या बाईनं माझ्या भाकरीला नाव ठेवायला जागा शोधली, तिला आयती जागा मिळाली. आमचे सुभेदार तेवढे गप्प राहून तुकडे खात होते. पलटणीत शिकलेली एवढी एकच गोष्ट त्यांच्या संसारात कामाला आली.

दोष कुणाचा हे मी शोधून काढलंय. आकारामनं चक्कीला नवे दगड बसवलेत. दगड तापतात, पीठ भाजून बाहेर पडतं आणि त्यातली विरी जळून जाते. विरी नसली तर पीठ एकमेकाला धरणार कसं? मी चक्कीवर जाऊन रांगेतल्या बायकांसमोर त्याला सांगून आले. तो नुसता "काकी, काकी" करत राहिला. आता आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका खालच्या चक्कीला जातात.

पुरावा म्हणून त्याच्या चक्कीचं पीठ पाठवतेय. तूच थापून बघ. सोबत पायलीभर माणची ज्वारी आणि त्यातल्या त्यात धड निघालेल्या चार कडक भाकऱ्या, वाटेत मोडल्या नाहीत तर.

अक्षराकडे बघू नकोस. सुभेदारांचं बॉलपेन आहे. बाकी सगळं ठीक. लेकानं, कृष्णातनं, जम्मूहून आणलेल्या चपला तेवढ्या सैल आहेत, चालताना पायातून कधी निसटतात ते कळतसुद्धा नाही.

रायगोंडाभाऊंना नमस्कार सांग.

तुझी विजू


माधवनगर,
८ डिसेंबर १९७६

विजू,

जयजिनेंद्र. गाठोडं पोचलं. भाकऱ्या वाटेत मोडल्या नाहीत. तुझा पुरावा मात्र तुझ्यावरच उलटला आहे.

आकारामचं पीठ मी स्वतः थापलं. बारा दिवसांचं शिळं पीठ, तरी भाकरी तव्यावर अशी टम्म फुगली की आमचे हे ताटावरून म्हणाले, "म्हसवडचं पीठ हाय न्हवं? कळतंय." चार केल्या, चारही धड. मग विरी कुठे गेली होती? त्या गरीब माणसाच्या चक्कीचं नाव घालवलंस, आधी जाऊन त्याची माफी माग.

आता दुसरं. रागावू नकोस, पण मला हे लिहायलाच हवं. तू पाठवलेल्या भाकऱ्या मी खाल्ल्या नाहीत. उजेडात धरून बघत बसले. तुझी भाकरी मी सांगलीच्या शाळेपासून खातेय. एका बाकावर बसत होतो तेव्हा तू डब्यात आणायचीस, तुझ्या आईच्या हाताखाली थापलेली. कडेला पाच बोटांचे ठसे अगदी ओळीनं, शिक्का मारावा तसे. या चार भाकऱ्यांवर ठसे तीनच आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भाकरीला लागलेलंच नाही.

आणि ते बॉलपेन. शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायला बाई तुलाच का उठवायच्या, आठवतं? तुझी ओळ पट्टीनं आखल्यासारखी यायची. या पत्रातली ओळ उजवीकडे खाली घसरत गेलीय, आणि 'विजू' मधला उकार ज पासून एक बोट लांब पडलाय. मी कपाटातली तुझी जुनी पत्रं काढून शेजारी ठेवली. हे आजचं नाही, विजू.

काय होतंय तुला? पीठ, पेन आणि चपला सोडून सांग.

प्रभा


म्हसवड,
२० डिसेंबर १९७६

प्रिय प्रभा,

हे पत्र माझी सून लीला लिहितेय, मी सांगतेय. बोटात बाभळीचा काटा गेलाय म्हणून. उगीच शंका काढू नकोस.

तुला म्हातारपणी हेर व्हायचं सुचलं का? भाकरीवरचे ठसे मोजतेस! पन्नाशीची बाई मी, थंडी पडलीय, बोटं आखडतात. सगळ्यांचीच आखडतात. बयाबाईंची तर जीभ सोडून सगळं आखडलंय. आणि आकारामची माफी मी मागणार नाही. त्याच्या दगडांचं काहीतरी बिनसलंच आहे, तुझ्या तव्यानं त्याला सांभाळून घेतलं असेल.

सुभेदार रोज मला गरम तेलानं हात चोळून देतात. चोळताना "पीछे मुड" म्हणतात, मग मी हसते. एकूण आमचं बरं चाललंय. तू तुझी काळजी घे. गुडघे कसे आहेत?

तुझी विजू

मावशी, ही मी लीला, दुमडीच्या आत माझ्या मनानं लिवते. आत्याबाई चष्मा लावत न्हाईत म्हणून त्यांना दिसायचं न्हाई. काटाबिटा काय न्हाई. त्यांना पेनच धरता येत न्हाई. पोलक्याची बटनं मी लावते, तवा दुसरीकडं बघत्यात. रात्रीच्या अंधारात तर पाय कुठं पडतोय त्ये त्यांना कळतच न्हाई. परवा आडाच्या पायरीवर पडल्या. पाय लाकडागत ताठ टाकत्यात. मामंजी म्हणतात आष्ट्याचा एक हाडवैद्य मान मोडून बसवतो, त्याला पुढच्या गुरुवारी बोलावलाय. मला लय भ्या वाटतंय. मी सांगितलं म्हणून सांगू नका.


माधवनगर,
२४ डिसेंबर १९७६

विजू,

तुझं पत्र मिळालं. लीलाचं अक्षर छान आहे. त्या पोरीनं तू सांगितलंस तेवढंच लिहिलंय, एक अक्षर जास्त नाही. जे काही पुढे लिहितेय ते मी माझ्या हेरगिरीनं काढलंय असं समज.

मी एक गुन्हा केलाय. तुझी दोन वर्षांची पत्रं घेऊन मी मिरजेला गेले. आमच्या ह्यांचा पुतण्या जवाहर तिथल्या दवाखान्यात नोकरीला आहे, त्यानं मला मेंदू-मणक्याच्या मोठ्या डॉक्टरांसमोर बसवलं. मी टेबलावर तुझी पत्रं तारखेनं मांडली. डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एकेक पत्र बोट फिरवत बघितलं. म्हणाले, "दीड वर्षापूर्वी सुरुवात झालीय. चालताना पाय ताठ पडतात का? बटणं लावता येतात का?" मला काय माहीत? पण मी म्हणाले, पडत असतील, येत नसतील.

ते म्हणाले, हे बोटांचं दुखणं नसावं. मानेचं असावं. मानेच्या मणक्यांच्या आतून मज्जारज्जू खाली येतो, हातापायांना निरोप तोच पोचवतो. त्याला चिकटून एक चिवट पट्टा असतो. काही माणसांत तो पट्टा वर्षानुवर्षं हाडासारखा कडक आणि जाड होत जातो आणि रज्जूला दाबतो. मग निरोप अर्धवट पोचतात, आधी करंगळीचे चुकतात. जपानी डॉक्टरांनी यावर खूप काम केलंय म्हणे. नक्की काय ते फोटो काढल्याशिवाय सांगता येणार नाही.

आणि हे मोठ्या अक्षरांत लिहिते, सुभेदारांना वाचून दाखव: मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. चोळायची नाही, मोडायची नाही, बसवायची नाही. डॉक्टर हे दोनदा म्हणाले.

संक्रांतीच्या आधी या. वर खोली रिकामी आहे.

प्रभा

ता. क. डॉक्टरांनी नुसतं अक्षर पाहिलं, मजकूर वाचला नाही. सुभेदारांच्या घोरण्यावर तू दोन पानं लिहिलीस तेवढं पत्र मात्र त्यांच्या हातात जरा जास्त वेळ राहिलं.


म्हसवड,
२४ जानेवारी १९७७

प्रिय प्रभा,

हे मीच लिहितेय. एक पान लिहायला दुपार गेली. वाच, लागेल तसं.

तुझ्या घरून न सांगता उठून आले, त्याबद्दल तू मला काय म्हणायचं ते म्हण. सुभेदार एसटीत तुझी तिळाची पोळी तेवढी हातात धरून बसले होते.

तुम्ही सगळे चांगले आहात. डॉक्टरही चांगले. कमरेत सुई घालून औषध सोडलं, टेबलासकट मला उलटी केली, तरी मी तक्रार केली नाही. फोटोत तो पांढरा पट्टा मलाही दिसला. मणक्यांच्या मागे, भिंतीला चुन्याचा जाड ओघळ यावा तसा. ते म्हणाले, मानेच्या मागून चिरून पाच मणक्यांची मागची कमान काढायची. मी विचारलं, बरी होईन? ते म्हणाले, आणखी बिघडू नये म्हणून करायचं, सुधारलं तर वरचा फायदा. मी विचारलं, आणि बिघडलं तर? तेव्हा त्यांनी खोटं बोलायला हवं होतं. बोलले नाहीत.

मी मरायला भीत नाही असं लिहिणार होते. पण तुला कशाला फसवू, मरायला भिते. त्याहून जास्त मी दुसऱ्याला भिते. उठलेच नाही, मानेखाली सगळं गेलं, तर? सुभेदार मला घास भरवतील. ते भरवतील गं, त्याचीच भीती वाटते. ज्या माणसाला मी तीस वर्षं गरम भाकरी वाढली, तो माझ्या तोंडाला वाटी लावणार.

अजून तीन बोटं आहेत. तिघांत भागवीन. लीला भाकऱ्या करते, मी पीठ मळून देते. काठी घेतली की चालताही येतं. राहू दे झालं.

तुझी विजू


माधवनगर,
३१ जानेवारी १९७७

विजू,

पत्र वाचायला मला अर्धा तास लागला. वाचून झाल्यावर मी रडले, मग चिडले. आता चिडलेलीच आहे, तेव्हा ऐक.

तीन बोटं आहेत असं तू लिहितेस. मी तुझ्या अक्षरावरून सांगते, अडीच आहेत. यात्रेच्या पत्रातला 'प्रभा' मला ओळखू येत होता. या पत्रातला मी अंदाजानं वाचला. पुढच्या यात्रेला किती असतील? तू 'राहू दे' म्हणतेस, पण ते राहत नाहीये. डॉक्टरांचं तू अर्धंच ऐकलंस. काही न करता बसलीस तरी बिघडणारच, हेही ते तुझ्यासमोरच म्हणाले होते. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस. वाटी तोंडाला लागायची भीती तुला ऑपरेशनमुळे वाटते, मला घरी बसण्यामुळे वाटते.

मागून का चिरतात, पट्टा तर रज्जूच्या पुढे आहे, हे मलाही कळत नव्हतं. आमच्या ह्यांनी मळ्यात नेऊन दाखवलं. उसाच्या पाटात एका अंगाला गाळ बसून बसून दगड झाला होता. म्हणाले, "ह्यो खणाया गेलीस तर पाटच फुटंल. त्याला हात लावायचा न्हाई. दुसऱ्या अंगाचा काठ काढायचा. पानी आपसूक तिकडं सरतंय." आणि फावड्यानं काठ काढून दाखवला. पाणी सरलं, विजू. मी तिथे बांधावर उभी राहून बघितलं. तुझ्या रज्जूला तेवढीच मागे सरायला जागा हवीय.

तू आली नाहीस तर मी येते. कायमची. दिवस मावळायच्या आत मला जेवायला घालावं लागेल, पाणी गाळून द्यावं लागेल, आणि ज्या चुलीवर सुभेदारांचं मटण शिजतं तिच्याजवळ मी फिरकणार नाही, म्हणजे माझी वेगळी चूल. बयाबाईंशी माझं पटणार नाही हेही तुला माहीत आहे. विचार कर.

आणि खरं सांगायचं तर हे मी माझ्यासाठी लिहितेय. चौतीस वर्षं तुझी पत्रं येतायत. पोस्टमनकडे बघून मला कळतं तुझं पत्र आहे की नाही. ते बंद झालेलं मला चालणार नाही.

प्रभा


म्हसवड,
५ फेब्रुवारी १९७७
(कार्ड)

सौ. प्रभावतीताई व रायगोंडा अण्णा यांस नाथाजीचा रामराम.

बुधवारच्या यष्टीने दोघे येतो. विजयमाला तयार आहे. रागात आहे पण तयार आहे. आपले पत्र वाचून 'नाही' असे लिहायला स्वतः बसली. तीन वेळा पेन हातातून पडले. चौथ्यांदा उचलून माझ्याकडे दिले आणि म्हणाली, "व्हय लिवा." म्हणून मी लिहिले.

हाडवैद्यास नको म्हणून कळवले होतेच.

नाथाजी, सुभेदार (निवृत्त)


मुक्काम मिरज,
१८ फेब्रुवारी १९७७

चि. सौ. लीला हिस अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट खालीलप्रमाणे. मंगळवारी सकाळी आठ वाजता तुझ्या सासूला आत नेले. मानेवरचे केस काढले होते. जाताना मला म्हणाली, "आकारामला सांगा, पीठ चांगलं होतं." मी म्हटले, "तूच येऊन सांग, मी निरोप्या न्हाई." दार बंद झाल्यावर मला वाटले, सांगतो म्हणायला हवे होते.

साडेचार तास लागले. मी पासष्टच्या लढाईत होतो. त्या साडेचार तासांबद्दल इतकेच लिहितो की लढाईत निदान आपल्या हातात काहीतरी असते. प्रभावतीताई माळ ओढत होत्या. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, जागा झाली. एवढेच म्हणाले. अण्णांनी मला मिठी मारली. त्यांची टोपी पडली, ती मी उचलून चुकून माझ्या डोक्यावर घातली.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, पाय हलवा. दोन्ही हलले. मग मूठ उघडझाप करायला सांगितली. ऑपरेशनच्या आधी दहा आकडे म्हणेपर्यंत सात वेळा व्हायची. काल आठ, आज नऊ. मी शेजारी उभा राहून "एक-दो, एक-दो" म्हणतो. नर्स म्हणते, हळू बोला, ही परेड नव्हे. करंगळी अजून बाजूलाच राहते. ती ऑर्डर ऐकत नाही.

मानेला पट्टा आहे, तो दोन-तीन महिने राहणार. मान फिरत नसल्याने सगळ्यांना उठून तिच्या समोर जावे लागते. त्यामुळे ती खूश आहे.

माझी सोय माधवनगरला उत्तम आहे. रोज सायंकाळी सहाच्या आत जेवण. दिवस बुडाला की स्वयंपाकघर बंद. पहिल्या दिवशी मी साडेसातला पाटावर जाऊन बसलो होतो. बेळगावला पलटणीच्या डेपोतसुद्धा इतकी शिस्त नव्हती. मिरजेच्या खाणावळीत एकदा जाऊन आलो, हे इथे कुणास कळवू नये.

कृष्णातला तार केली आहे. इलेक्शनचे भोंगे फार आहेत, तिला झोप लागू देत नाहीत.

तुझा सासरा,
नाथाजी


म्हसवड,
९ जुलै १९७७

प्रिय प्रभा,

लीलाकडून लिहवून घेतेय, कारण खरं आहे ते जलद सांगायचंय. आता दुमडीत काही लपवायला नको, मला सगळं माहीत आहे. या पोरीनं डिसेंबरात काय लिहिलं ते तिनंच मला दवाखान्यातून आल्यावर पाया पडून सांगितलं. मी तिला माझं हिरवं इरकली लुगडं देऊन टाकलं.

मानेचा पट्टा निघाला. पाय आता लाकडाचे राहिले नाहीत. चप्पल निसटली की कळते, चार पावलं गेल्यावर का होईना. काठी कोपऱ्यात आहे. पोलक्याची खालची दोन बटणं माझी मी लावते, वरची लीला लावते, आणि आता मी दुसरीकडे बघत नाही.

भाकरी मात्र जमत नाही. सात वेळा बसले, सात वेळा मोडली. शेवटच्या वेळी मी काठवट ढकलून दिली आणि मोठ्यानं रडले. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, सुधारणा हळू येते, कदाचित पुरती येणारही नाही. पण मला ती हवी आहे. एवढ्या लोकांनी साडेचार तास भिंतीकडे तोंड करून काढले, ते अर्ध्या भाकरीसाठी का?

सुभेदार मोडक्या भाकरीचा काला करून खातात आणि वर "एक-दो" म्हणतात. त्यांना एकदा तरी धड भाकरी वाढायची आहे.

विजू


माधवनगर,
१६ जुलै १९७७

विजू,

काठवट ढकललीस हे वाचून मला फार बरं वाटलं. जानेवारीत तुला ती ढकलता आली नसती.

सुभेदारांना सांग, खाणावळीचा वास आमच्या घरी त्यांच्याही आधी पोचला होता. ह्यांनी खिडकी उघडून दिली, मी गप्प बसले. पाहुणा आहे म्हणून.

भाकरीचं असं कर. मोठी थापू नकोस. तुळशीच्या लग्नाला खेळातल्या भाकऱ्या करायचो तेवढी, तळहाताएवढी थाप. त्यातही करंगळीलाच कामाला लाव, बाकीची बोटं मिटून घे. ती लाडावलीय. आणि पत्र लीलाकडून लिहवून घेणं बंद. मला ओळीचं एक कार्ड आलं तरी चालेल, पण ते वाकडंतिकडं आणि तुझं हवं.

प्रभा


म्हसवड,
१५ डिसेंबर १९७७

प्रिय प्रभा,

हे पत्र मी एका बैठकीत लिहितेय. मध्ये दोनदा चहाला उठले, ते चहासाठीच. ओळ अजून उजवीकडे उतरते, पण पडत नाही.

यात्रा झाली. यंदा वीस नाही, सव्वीस माणसं पंगतीला होती. यात्रेआधी मी मोठं काम केलं. ज्वारीची पाटी घेऊन स्वतः आकारामच्या चक्कीवर गेले. रांगेत सगळ्या उभ्या होत्या. खालच्या चक्कीला गेलेल्या दोघीतिघी परत आलेल्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आकाराम, गेल्या वर्षी मी तुला बोल लावला. पीठ चांगलं होतं, माझा हात आजारी होता." मला वाटलं तो चढून बोलेल. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आवं काकी, तुमी बोल्ला म्हणून म्या दोनदा टाकी लावली दगडाला. मला बी वाटलं, आपलंच चुकतंय. त्यापायी पीठ लय झ्याक पडतंय आता. तुमचंच उपकार." रांगेतल्या बायका हसल्या, मीही हसले आणि थोडी रडलेही. मग त्यानं माझी पाटी सगळ्यांच्या आधी घेतली.

पंगतीच्या भाकऱ्या लीलानंच केल्या. मी पिठाची शेवटची उंडी मागून घेतली. बयाबाई शेजारी येऊन बसल्या, बघायलाच. लहान नाही केली, ताटाएवढी केली. एका बाजूला जरा जाड झाली. उचलली. दोन्ही हातांवर आली, प्रभा, आणि तव्यावर गेली. बयाबाई तव्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, "वैनी, फुगली की." त्यांच्या तोंडून हे ऐकायला मी पुन्हा मान कापून घेईन.

ती सुभेदारांना वाढली. त्यांनी मोडली नाही. ताटात तशीच ठेवून बघत राहिले. मी म्हटलं, खा की, निवतेय. म्हणाले, "थांब जरा." त्यांचे डोळे भरले होते, आणि सव्वीस माणसांत त्यांनी ते पुसले नाहीत.

दुसरी मी तुझ्यासाठी केली. कडक भाजून सोबत पाठवतेय. आता हेरगिरी कर. उजेडात धर आणि डावीकडून मोज. पाचवा फिकट आहे, पण माझा आहे.

तुझी विजू


माधवनगर,
२३ डिसेंबर १९७७
(कार्ड)

विजू,

भाकरी पोचली. मोजले. ह्यांनाही मोजायला लावले. ते म्हणाले, "पाच. पानी सरलं." घरातल्या चौघांनी ती दिवस मावळायच्या आत वाटून खाल्ली. करंगळीचा तुकडा मात्र मी कुणाला दिला नाही.

प्रभा